मुंबईला इतकं चांगलं नैसर्गिक बंदर, मग मालाची गोदी 1875 पर्यंत का नाही?

खाडीकाठ: जहाजदुरुस्तीची सुकी गोदी मुंबईत 1750 पासून होती. 1853 ला रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवीत (1861-65) कापसाला सोन्याचा भाव आला. तरी पहिली ओली गोदी (पाणी अडवून जहाज तरंगतं ठेवणारी, माल चढवा-उतरवायची) म्हणजे ससून डॉक, ती 1875 ची. प्रिन्सेस डॉक तर 1880 चा. सगळे 'सुएझ कालवा उघडला म्हणून' म्हणतात. अंतर कमी झालं, पण त्यासाठी गोदी कशाला लागते?

मचवेवाला: अंतरापेक्षा वाफ महत्त्वाची. लाल समुद्राच्या उत्तर भागात वारा बहुतेक वेळ उत्तरेकडूनच येतो. शिडाच्या जहाजाला तिकडून जाणं जिकिरीचं, म्हणून ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालूनच जात राहिली. 1869 चा कालवा आगबोटींच्या कामी आला. तीन-चार महिन्यांच्या सफरीत आठवडाभर माल चढत बसला तरी चालायचं, महिनाभराच्या सफरीत नाही. आगबोट महागडी, ती उभी राहिली की भांडवलच उभं राहतं.

आधी जहाज खोल पाण्यात नांगर टाकायचं आणि माल मचव्या-पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, जायचा. ओहोटीला बंदरापुढे नुसता चिखल, मचवा रुतून बसलेला. म्हणजे काम भरतीच्या आगेमागेच. शिवाय कापसाची गासडी (दाबून बांधलेला गठ्ठा) दोनदा उचलायची, भिजायची ती वेगळीच.

खाडीकाठ: मग ओल्या गोदीने ही अडचण कशी सुटते?

मचवेवाला: मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढउतरतं. भरतीला गोदीचे दरवाजे उघडून जहाज आत घ्यायचं, पाणी उतरायच्या आत बंद करायचे. आतली पातळी टिकते, जहाज धक्क्याला लागूनच राहतं आणि यारी थेट फलाटावरचा माल उचलते. भरती चुकली तर मात्र पुढच्या भरतीपर्यंत, सुमारे बारा तास, बाहेर थांबायचं. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं, तेव्हा खोल बुडालेल्या जहाजाची पंचाईत.

कापूसबाजार: उशिराचं दुसरं कारण जमिनीची मालकी. मोक्याचा किनारा एल्फिन्स्टन या खासगी कंपनीने भराव घालून ताब्यात ठेवला होता. सरकारने तो 1870 ला विकत घेतला, 1873 ला बंदराचा कारभार बघणारा पोर्ट ट्रस्ट झाला, मग कुठे प्रिन्सेस डॉकला हात लागला. ससून डॉक खासगी होता, तोही 1879 ला ट्रस्टकडे आला. माझ्या मते सुएझइतकंच हे महत्त्वाचं, पण सहसा कुणी सांगत नाही.

आणि हा कापूस यायचा कसा? मुंबईची गासडी 392 पौंडांची, म्हणजे सुमारे 178 किलो. दोन गासड्यांची 784 पौंडांची खंडी. जहाजावर कापसाचं भाडं तो किती जागा व्यापतो त्यावर ठरायचं. म्हणून गावाकडून आलेल्या ढिल्या गाठी कुलाब्याच्या दाबयंत्रांत पुन्हा दाबायच्या. वजन वाढवायला पाणी मारलेला, माती-सरकी मिसळलेला माल इतका यायचा, की 1863 ला त्याविरुद्ध कायदाच करावा लागला.

खाडीकाठ: कापूस घाटाखाली येताना पावसात अडकायचा का?

कापूसबाजार: हो. बैलांवरून थळ घाट उतरायचा, त्यामुळे पावसाळ्याआधी पोचला नाही तर वाटेतच भिजायचा. बोरघाटाची रेल्वे 1863 ला, थळ घाटाची 1865 ला सुरू झाली. खानदेश-वऱ्हाडचा माल तेव्हापासून डब्यांतून येऊ लागला.