शब्दचर्चा : 'दूरस्थ प्रवेश' आणि 'सुरक्षित बोगदा'

प्रश्न

आमच्या नागपूरच्या कॉलेजात लॅबमधली लिनक्स यंत्रं मुलांना घरून वापरता यावीत म्हणून मराठीत सूचनापत्रक करतेय. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की मानेवाड्याहून, हिंगण्याहून भर दुपारी लॅबला या असं म्हणवत नाही. नुसती काळी खिडकी नको, आख्खा डेस्कटॉप दिसायला हवा आणि तोही एसएसएचमधून (दूरच्या यंत्राशी, मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशी जोडणी करून देणारा प्रोग्रॅम). मी 'दूरस्थ डेस्कटॉप प्रवेश' आणि 'सुरक्षित बोगदा' असं लिहिलंय, पण वाचताना अडखळायला होतं. शिवाय 'बोगदा' बरा की 'भुयार'?

प्रतिसाद

'दूरस्थ' म्हणजे दूर असलेला. 'दूरस्थ संगणक' बरोबर आहे. 'दूरस्थ प्रवेश' खटकतो, कारण दूर आहे ते यंत्र, प्रवेश नव्हे. 'दूरस्थ शिक्षण' रुळलंय हे खरं, पण म्हणून प्रत्येक ठिकाणी तोच साचा कशाला? सरळ क्रियापद वापरा: 'लॅबमधल्या यंत्राचा डेस्कटॉप घरून उघडणे'. कोण कुठे बसलंय हे त्यात आपसूक येतं.

'बोगदा'च ठेवा. भुयार म्हटलं की चोरवाट डोळ्यांपुढे येते. एसएसएचची वाट लपलेली नसते. जोडणी झाली आहे, बहुधा २२ नंबरच्या पोर्टवर (यंत्रात शिरायच्या दारावर), हे मधल्या कोणालाही दिसतं. आतून काय जातंय ते मात्र वाचता येत नाही. घाटातल्या बोगद्याचंही तसंच, दोन्ही तोंडं सगळ्यांना ठाऊक, आतली गाडी दिसत नाही.

आणि 'तोंड' हा शब्द फार कामाचा आहे. बोगद्याचं एक तोंड मुलाच्या लॅपटॉपवर ५९०१ला, दुसरं लॅबमधल्या यंत्रावर ५९०१ला. (हे पोर्टचे नंबर. एका यंत्राचा डेस्कटॉप दुसऱ्यावर दाखवणाऱ्या व्हीएनसीत ५९०० अधिक डिस्प्लेचा नंबर, म्हणून डिस्प्ले १ला ५९०१.) व्ह्यूअरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर तो डेस्कटॉप बघायच्या प्रोग्रॅममध्ये, पत्ता लॅबचा नाही, 'लोकलहोस्ट' (म्हणजे हेच यंत्र) टाकायचा. इथेच घोळ होतो. लॅबचा पत्ता थेट टाकला आणि तिथला व्हीएनसी सर्व्हर सगळ्यांसाठी उघडा असला, तर डेस्कटॉप दिसतो, मुलगा खूश होतो, पण बोगदा बाजूलाच राहिलेला असतो. म्हणून तिकडचा सर्व्हर फक्त लोकलहोस्टवर ऐकेल असाच चालू करा. व्हीएनसीच्या पासवर्डवर विसंबू नका. जुन्या पद्धतीत त्याची पहिली ८ अक्षरंच धरली जातात.

प्रतिसाद

ताई, 'सर्व्हर' शब्दाचं कोणी बोलूनच नाही राहिलं. आमचे पोट्टे हमखास विचारतात, "सर, सर्व्हर माह्या लॅपटॉपवर काहून चालू करा लागते?" प्रश्न रास्त आहे. एक्स विंडो, म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या पडद्यावर दाखवणारी, एमआयटीतून आलेली आणि १९८७पासून अकराव्या आवृत्तीवर असलेली पद्धत, त्यात सर्व्हर आपल्यासमोर असतो, कारण पडदा, कीबोर्ड, माऊस तो पुरवतो. लॅबमधला प्रोग्रॅम त्याचा क्लायंट, म्हणजे ते वापरणारा. व्हीएनसीत याच्या नेमकं उलट. त्यामुळे 'सर्व्हर म्हणजे लॅबचं यंत्र' असं पत्रकात लिहाल तर एक्स फॉरवर्डिंग (लॅबमधल्या प्रोग्रॅमची खिडकी एसएसएचमधून आपल्या पडद्यावर आणणं) शिकवताना पंचाईत होईल. 'लॅबचं यंत्र' आणि 'तुमचा लॅपटॉप' एवढंच लिहा.

प्रतिसाद

माझा आक्षेप 'सुरक्षित'ला आहे. त्यात दोन गोष्टी एकत्र कोंबल्यात. मधल्या कोणाला वाचता येऊ नये, ही एक. फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं ते विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यावर, म्हणजे याच कारणाने. दुसरी गोष्ट, पलीकडचं यंत्र खरोखर आपल्या लॅबचंच आहे ना? पहिल्यांदा जोडताना एसएसएच त्या यंत्राच्या किल्लीचा ठसा दाखवून विचारतं, पुढे जाऊ का? मुलं न वाचता 'येस' टाइप करतात. पत्रकात 'सुरक्षित' छापलंय म्हटल्यावर तर हमखास करतील. तो शब्द काढा, त्या जागी ठसा छापा, आणि 'हाच दिसला तरच येस' असं लिहा.

प्रश्नकर्ती

हे पटलं. ठसा छापते. आतलं वाचता येत नाही, यासाठी 'कूटबद्ध' लिहू की 'एन्क्रिप्टेड'?

प्रतिसाद

लॅबमध्ये बोलताना तुम्ही 'एन्क्रिप्टेड'च म्हणत असाल. मग तेच लिहा.

प्रश्नकर्ती

मग असं: 'आधी एसएसएचने बोगदा उघडा. ती खिडकी मिटू नका. व्ह्यूअरमध्ये लोकलहोस्ट आणि ५९०१ टाका. खिडकी मिटली तर डेस्कटॉप बंद होईल.'

प्रतिसाद

शेवटचं वाक्य बदला, ताई. डेस्कटॉप बंद होत नाही, जोडणी तुटते. व्हीएनसीचं सत्र लॅबमध्ये तसंच चालू राहतं; पुन्हा बोगदा उघडला की अर्धवट लिहिलेली फाइल होती तिथेच सापडते. 'बंद होईल' वाचून पोरं घाबरतील, आणि काम संपल्यावर लॉगआउट करायचं असतं हेही त्यांना कळणार नाही. 'जोडणी तुटेल, काम चालू राहील' असं लिहा.