मदत हवी आहे: मराठी सासू आणि कन्नड सून दोघींना एकदम हसवेल अशी विनोदी मालिका सुचवा

शहापूरकर (बेळगाव):

मंडळी, आमचं घर बेळगावात, शहापूरला. आई इथलीच, बायको गोकाककडची, माहेरी सगळं कन्नड. दोघींचं एकमेकींशी छान जमतं, तेव्हा त्या बाजूने सल्ले नकोत. प्रश्न फक्त टीव्हीचा आहे.

रात्री जेवणं झाली की आई ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’चे जुने भाग लावते. ही पण येऊन बसते. हिला मराठी कळतं, भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकं बोलताही येतं. खरं, स्किटमधलं मराठी वेगळंच. एकाचं वाक्य दुसरा तोडतो, तिसरा मध्येच काहीतरी पुटपुटतो आणि खरी गंमत त्या पुटपुटण्यात असते. आई डोळ्याला पदर लावून हसत असते आणि ही विचारते, “एनात्रि अत्ती?” म्हणजे काय झालं, सासूबाई? मग मी सांगायला बसतो. गौरव मोरे स्वतःला फिल्टरपाड्याचा बच्चन का म्हणवतो, हे सांगायचं तर आधी फिल्टरपाडा म्हणजे मुंबईत पवईजवळची वस्ती, इथपासून सुरुवात. तोवर स्किट संपून प्रसाद ओक कौतुक करायला लागलेले असतात. माझ्या स्पष्टीकरणावर ही जे हसते ते निव्वळ मला वाईट वाटू नये म्हणून.

हास्यजत्रा वाईट आहे असं मुळीच म्हणायचं नाही. समीर चौघुले नुसते येऊन उभे राहिले, खांदे पाडून एकदा समोर बघितलं, की हिलाही हसू फुटतं. नम्रता संभेरावची लॉली तर हिची लाडकी, कारण लॉली काय बोलते यापेक्षा कशी बोलते यातच निम्मी मजा आहे. ‘चला हवा येऊ द्या’ मात्र अजिबात चाललं नाही. तिथे सिनेमाची नक्कल असते, मूळ सिनेमाच बघितलेला नसेल तर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शांताबाई झालेले भाऊ कदम तेवढे हिच्या लक्षात राहिले. आणि एक माझी जुनी तक्रार: परीक्षक आणि पाहुणे खुर्चीवरून घसरेपर्यंत हसताना सारखे कशाला दाखवता? कुठे हसायचं ते आम्हाला कळतं की.

उलटं पण करून बघितलं. झी कन्नडवरचं ‘कॉमेडी किलाडिगळु’ लावलं. आईचा उभा जन्म कन्नड ऐकण्यात गेलाय, खरं तिचं कन्नड इथलं. बेंगळूर-म्हैसूरकडचं बोलणं तिच्या कानात शिरून हसू यायला वेळ लागतो. हिचं दुखणं वेगळंच. तिकडच्या कार्यक्रमांत गोकाक-धारवाडकडचं कोण बोलायला लागलं की ते हमखास गावंढळ पात्र निघतं, आणि ही चिडते. आपलंही तेच नाही का? मराठी वाहिन्यांवर मालवणी झाली, भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी झाली. बेळगाव-खानापूर-निपाणीकडचं बोलणारा कोण असलाच तर तो फक्त हेल काढण्यापुरता.

माझ्या मते स्किटपेक्षा मालिका बरी पडेल. स्किट शब्दावर आणि वेगावर चालतं. मालिकेत माणसं एकदा ओळखीची झाली की पुढचं हसू आपोआप येतं, एखादं वाक्य निसटलं तरी बिघडत नाही. घरातली गोष्ट हवी, बोलणं सावकाश हवं आणि कुठलाही भाग कधीही लावता आला पाहिजे. हिंदी चालेल. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ मला जवळजवळ पाठ आहे, खरं ती सुचवू नका. सासू मायाबाई सून मोनिशाला ‘मिडल क्लास’ म्हणून टोचतात यात हसण्यासारखं काय, असं दोघींनी मलाच विचारलं. आम्ही तेच आहोत ना, म्हणे.

अनगोळचा अण्णा:

डोळे झाकून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ लावा. २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली, दिग्दर्शन केदार शिंदेंचं. दिलीप प्रभावळकर आबा, राजन भिसे आणि शुभांगी गोखले मुलगा-सून, शिऱ्या आणि शलाका नातवंडं. एका फ्लॅटात तीन पिढ्या, बास. कोणी कोणाला चापट मारत नाही, बाईचा वेश घेत नाही. आबांचा चष्मा, वर्तमानपत्र आणि नातवाची बेफिकिरी यावर अख्खा भाग निघतो. सासू-सून एकाच बाजूला बसून बघतील.

खानापुरी गडी:

टिपरे चांगलीच, पण पहिल्यांदा ‘हम पाँच’ लावा. १९९५ची, झीवरची. अशोक सराफ त्यात पाच मुलींचे वडील, आनंद माथुर. आणि सराफांचं मूळ घराणं आपल्या बेळगावचं, आईंना तेवढं सांगितलंत तरी काम झालं. हिंदी सोपं आहे आणि चेहऱ्यावरच निम्मं कळतं.

बेळगावी बोलण्याबद्दल लिहिलंत ते पटलं. पुलंनी रावसाहेबांच्या तोंडून आपली कानडी वळणाची मराठी घरोघरी पोचवली. पुढच्यांनी नुसता हेल उचलला, रावसाहेब तिथेच राहिले.

निपाणीची माई:

माझं माहेर चिकोडीकडचं कन्नड आणि सासर मराठी, म्हणजे तुमच्या बायकोच्या खुर्चीत मी बसून आलेय. एकच सांगते. मध्ये मध्ये समजावून सांगायचं बंद करा. ज्याला त्याला आपल्या वेगाने हसू द्या. तुम्ही भाषांतर करता तेव्हा ती पडद्याकडे बघायची सोडून तुमच्या तोंडाकडे बघते, आणि चौघुल्यांचा चेहरा तेवढ्यात निघून जातो! दुसरं, हास्यजत्रेत चौघुले आणि विशाखा सुभेदार यांची जोडी असलेली जुनी स्किटं शोधा. नवरा-बायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

शहापूरकर:

सगळ्यांचे आभार. माई, तुमचं ऐकलं, तोंड बंद ठेवलं. ‘हम पाँच’ने काम केलं. भिंतीवरच्या फोटोतून पहिली बायको, म्हणजे प्रिया तेंडुलकर, नवऱ्याला सुनवायला लागली तशी हिने उठून आवाज वाढवला. आईने आमच्या बाबांच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, “हे असले बोलायला लागले तर मी माळ्यावर टाकीन.” यावर ही जी हसली, ती माझ्या मदतीशिवाय. टिपरे सुरू करायचंय.

आता हिची फर्माईश आहे. लहानपणी बघितलेल्या ‘सिल्ली लल्ली’ आणि ‘पापा पांडू’ तिला अत्तीला दाखवायच्या आहेत. बायकोला टरकून असणारा पांडू आईला आवडणार यात मला शंका नाही. जुने भाग बऱ्या आवाजात कुठे बघायला मिळतात, हे कन्नड मालिका बघणाऱ्या कोणी सांगेल काय?