मदत हवी आहे: पालिकेच्या कामकाजातलं कार्बन उत्सर्जन कमी करायचा आराखडा करतोय, सुरुवात कुठल्या वर्षापासून धरू?

लाइटवाला_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत विद्युत विभागात आहे. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

माझी वसुंधरा अभियानाच्या बैठकीनंतर साहेबांनी एक फाइल माझ्या टेबलावर टाकली. पालिकेच्या स्वतःच्या कामकाजातलं उत्सर्जन किती आणि पाच वर्षांत किती कमी करणार, टिपणी सादर करा. अख्ख्या शहराचं नव्हे हां, फक्त पालिकेचं. म्हणजे लोकांच्या मोटारसायकली, जिनिंग, हॉटेलं यात नाहीत. आपले पंप, पथदिवे, इमारती, गाड्या आणि कचरा डेपो. सोबत एक कोरी एक्सेल. त्यात एकच रकाना आधीच भरलेला: ३० टक्के. हे कुठून आलं विचारलं तर म्हणे शेजारच्यांनी तेवढेच लिहिलेत.

गेले दहा दिवस लाइटबिलं चाळतोय. शंभरावर ग्राहक क्रमांक निघाले. त्यातलं एक बिल जुन्या बोअरच्या मोटारीचं. जागेवर गेलो तर मोटार नाही, पाइप नाही. भिंतीला गंजलेली पेटी, पेटीत गांधीलमाश्यांचं पोळं आणि त्याच्या मागे मीटर. स्थिर आकाराचं बिल दरमहा येतं, आपण निमूट भरतो. पथदिव्यांच्या बऱ्याच मीटरांवर ‘सरासरी’ बिल चालू आहे, म्हणजे युनिटं लिहिलीत पण ती खरी नाहीत. टँकर, जेसीबी आणि बंबाच्या डिझेलच्या पावत्या लेखा विभागात सापडल्या. घंटागाड्या ठेकेदाराच्या, त्याचं डिझेल तो सांगत नाही.

आता अडचणी. आधारवर्ष म्हणजे ज्या वर्षाशी पुढची घट ताडून बघायची ते. २०२०-२१ धरू शकत नाही, कोरोनात निम्मं कार्यालय बंद होतं. अलीकडचं वर्ष धरलं तर सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवल्याचं श्रेय हातचं जातं, कारण ते काम त्याआधीच झालंय. त्याहून मागं जावं तर बिलांचे गठ्ठे वाळवीनं खाल्लेत.

खरी गोम पाण्यात आहे. जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची पंपांची विहीर, तापीवर. आज चार दिवसाआड पाणी देतो, नवी योजना सुरू झाली की दिवसाआड द्यायचंय. पंप जास्त चालणार, युनिटं वाढणार. मग ३० टक्के कमी कुठून आणू? लोकांना पाणी कमी द्या असं तर टिपणीत लिहिता येत नाही, ते पण इथल्या मे महिन्यात.

आणि शेवटचं, हसू नका. दीपनगरच्या कोळशाच्या वीज केंद्राची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात. एक सदस्य म्हणतात तो धूर पण धरा. धरायचा का?

खान्देशी_भो

मोटार नही, पाइप नही, नी बिल मातर येस. गांधीलमाशीसले भाडं लावा भो!

तापीकाठ

दीपनगरचा धूर धरू नका. तिथली वीज ग्रीडमध्ये, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्यात जाते आणि तुम्ही ग्रीडमधून घेता, तेव्हा तुमच्या वाट्याचा धूर बिलातल्या युनिटांतून मोजला जातोच. दोन्ही धरलं तर एकच धूर दोनदा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रीडचा आकडा काढतं, तो हल्ली युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. डिझेलला लिटरमागे साधारण २.७ किलो धरा.

घंटागाड्या मात्र धराच. कचरा उचलणं हे पालिकेचं काम आहे, गाडी कुणाच्या नावावर का असेना. नाहीतर उद्या बंबसुद्धा ठेक्यावर द्याल आणि कागदावर उत्सर्जन शून्य! ‘ठेक्याची वाहने’ असा वेगळा रकाना करा. पुढच्या निविदेत अट टाका: महिन्याच्या बिलासोबत इंधनाच्या पावत्या, नसतील तर बिल मंजूर नाही.

आधारवर्ष ते धरा ज्याची बाराही महिन्यांची बिलं हातात आहेत. एलईडीचं श्रेय ‘आधी केलेलं काम’ म्हणून स्वतंत्र लिहा. अडीचशे वॉटचा सोडियम चोकसकट पावणेतीनशेच्या आसपास खातो. जागी १२० वॉटचा एलईडी आला आणि वर्षाला चार हजार तास जळला, तर एका खांबावर सहाशेच्या वर युनिटं वाचतात. खांब मोजले की हिशेब झाला. सरासरी बिलांचंही तेच, दिवे गुणिले वॉट गुणिले तास, आणि शेजारी ‘अंदाजे’ लिहायला लाजू नका.

जुना_पंपवाला

मी पाणीपुरवठ्यातून निवृत्त. वरचं सगळं बरोबर आहे, पण तुमचा पैसा आणि धूर दोन्ही पंपहाउसात आहे. तिकडे चला.

एकूण युनिटांवर उद्दिष्ट ठेवलंत तर तुम्ही बुडालात. दर हजार लिटरला किती युनिटं, यावर ठेवा. एकूण आकडा वाढला तर वाढू दे, तोही शेजारी दाखवा, लपवू नका.

हजार लिटर पाणी साठ मीटर चढवायला अगदी आदर्श पंपालाही ०.१६ युनिट लागतं. पंप-मोटार मिळून ७५ टक्क्यांवर चालत असेल तर ०.२२. तापीच्या पुराचा गाळ उपसून इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) झिजला आणि ४५ वर आला तर ०.३६. पाणी तेवढंच! दिवसाला एक कोटी लिटर उपसत असाल तर हा फरक साडेचौदाशे युनिटांचा, म्हणजे रोज जवळजवळ एक टन कार्बन डायऑक्साइड. इमारतीवर २५ किलोवॅटचं सोलर बसवून फोटो काढतात, त्यातून दिवसाला शंभरेक युनिटं मिळतात. बसवा, पण आधी पंप.

प्रेशर गेज तपासलं का? आमच्याकडे काटा सहा किलोवर होता. पंप बंद केला तरी सहाच. कित्येक वर्षं लॉगबुकात तासातासाला सहा, सहा, सहा.

लाइटवाला_जळगाव

आताच वॉल्व्हमनला फोन केला. आमच्या गेजची काचच नाही म्हणे, आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह कायम अर्धा आवळलेला असतो. ‘पूर्ण खोललं तर मोटार तापते.’

जुना_पंपवाला

सापडलं. पंप गरजेपेक्षा जास्त हेडचा, म्हणजे जास्त उंचीवर पाणी चढवणारा घेतलाय. ब्रेक दाबून गाडी चालवताय. इंपेलर तासून घेणं किंवा व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र), यातलं काय परवडतं ते मोजणीनंतर ठरवा.

सावदेकर

कचरा डेपोचं कुणीच बोललं नाही. ओला कचरा दबून सडला की मिथेन निघतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. आमचा डेपो तर उन्हाळ्यात आपोआप पेटतो.

तापीकाठ

खरंय. ओला कचरा वेगळा घेऊन खत केलं तर नवा मिथेन थांबतो, जुना ढीग मात्र पुढची कित्येक वर्षं सोडत राहतो. वजनकाट्याच्या नोंदी असतील तर वेगळा धागा काढा, तिथे आकडेमोड करू.

लाइटवाला_जळगाव

वजनकाटा आहे, बंद आहे. काढतो धागा.

नवं गेज घेतलंय, उद्या सकाळी जॅकवेलवर जातोय. एक्सेलमधले ३० तूर्त पुसलेत, साहेब विचारतील तेव्हा बघू. काका, एकच सांगा: रीडिंग व्हॉल्व्ह पूर्ण खोलून घेऊ की रोजच्यासारखा अर्धा ठेवून?

जुना_पंपवाला

दोन्ही. आधी रोजच्यासारखं घ्या. मग अँपिअरवर डोळा ठेवून दोन-दोन आटे खोला, मोटारीच्या प्लेटवरचा आकडा आला की थांबा. आणि गेज बसवण्याआधी नळीतला गाळ काढा, नाहीतर नवा काटाही सहावरच बसेल.