पर्यवेक्षक परीक्षेची तोंडी: हाताला येतं, तोंडाला येत नाही (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत यंत्रमागाच्या गाळ्यांची वायरिंग करतो. तारतंत्रीचा परवाना जुना आहे. आता ठेकेदाराचं लायसन काढायचंय. नवीन मीटरला टेस्ट रिपोर्ट लागला की सही-शिक्क्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. काम माझं, सही त्याची, वर सहीचे पैसे वेगळे. लायसनला पर्यवेक्षक लागतो, पगारी ठेवणं परवडत नाही, म्हणून स्वतःच परीक्षेला बसलो.

लेखी बरी गेली, तोंडीत अडकलो. साहेबांनी विचारलं, "अर्थिंग चांगलं आहे, एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?" (एमसीबी म्हणजे करंट जादा झाला की पडणारा स्विच, आरसीसीबी म्हणजे करंट गळला की पडणारा.) मी म्हणालो, शॉक लागू नये म्हणून. "एमसीबीनं का नाही वाचत?" इथं माझी दातखिळी बसली. रोज बसवतो हो ती वस्तू!

दुसरं, माझ्याकडचं पुस्तक १९५६च्या वीज नियमांवर आहे. ते चालेल का? लाजून कुणाला विचारत नव्हतो.

– गाळेवाला

---

दादा, लाजायचं काय त्यात. १९५६चे नियम जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१०चे सुरक्षा विनियम आले, त्यांच्या जागी आता २०२३चे आहेत. कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा नियमांपुरतं जुनं पुस्तक मिटा. मोटर, स्टार-डेल्टा, ट्रान्सफॉर्मर त्यातूनच करा, ते कुठं बदलतंय? अर्थिंगला आयएस (भारतीय मानक) ३०४३ आणि वायरिंगला आयएस ७३२ चाळा.

साहेबांचा प्रश्न मात्र गणिताचा होता. समजा, गाळ्याच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे आणि फेज मोटरच्या बॉडीला लागली. बाकीचा रोध सोडून दिला तरी २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. एमसीबी सी-३२, म्हणजे ३२ अँपिअरचा, सी प्रकारचा. तो झटक्यात पडायला पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे १६० ते ३२०. आता तापून पडेल म्हणाल, तर १.४५ पटीला, म्हणजे ४६.४ अँपिअरला, त्याला तासाभराची मुभा असते. तुमचे ४६ त्याच्याही खालीच! बॉडी जिवंत, एमसीबी निवांत. आरसीसीबी मात्र जाणाऱ्या-येणाऱ्या करंटचा फरक बघतो. ३० मिलिअँपिअरचा असेल तर लगेच पडतो.

– मेगरमामा

---

मामांशी सहमत. मेगरचंही (वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) तयार ठेवा. मला विचारलं होतं. ५०० व्होल्ट, एक मिनिट, किमान १ मेगओहम. "काटा वर गेला की ठीक" असं उत्तर देऊन मी हसं करून घेतलं होतं.

– फेजन्यूट्रल

---

मामा, रात्री वहीत २ ओहम धरून केलं. ११५ अँपिअर येतात, म्हणजे सी-३२ झटक्यात नाहीच पडणार, तापून मिनिटाच्या आत पडेल. बरोबर ना? तेवढा वेळ बॉडीला हात लावलेल्या माणसानं काय करायचं, हेच ते विचारत होते तर. उद्या आमच्या गाळ्यात अर्थ टेस्टर लावून खरा आकडा बघतो. आजवर मीठ-कोळसा घालून पाणी ओतलं, की अर्थिंग झालं असंच धरत होतो.

– गाळेवाला

---

बरोबर. आकडा इथं टाका. आणि तो उन्हाळ्यात पुन्हा मोजा, जमीन वाळली की वाढतो.

– मेगरमामा