चर्चा: टिकाऊ मासेमारीची जबाबदारी खाणाऱ्यावर टाकावी का?

शिंपला:
माझं मत आधीच मांडतो. कुठला मासा घ्यायचा हे फक्त जिभेवर सोडून आता चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशेबाने 1974 मध्ये समुद्रातल्या 10 टक्के मत्स्यसाठ्यांची अतिमासेमारी होत होती. 2021 मध्ये हाच आकडा 37.7 टक्के झाला. ऑरेंज रफी हा खोल पाण्यातला मासा शंभरी पार करतो, पण अंडी घालण्याजोगा व्हायलाच त्याला तीसेक वर्षं लागतात. असा मासा ताटात का हवा? त्यापेक्षा लवकर वयात येणारी तारली घ्या. शिनाणे, कालवं घ्या. त्यांना वरून खाद्य घालावं लागत नाही, पाण्यातलंच गाळून खातात. लोक हे घेत नाहीत, कारण घरी करायची धास्ती वाटते. बिनकाट्याच्या तुकड्यांची सवय लागली आहे. म्हणून हा प्रश्न स्वयंपाकघरातही सोडवावा लागेल असं मी म्हणतो.

भरती_ओहोटी:
पूर्ण असहमत. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं उदाहरण घ्या. 1992 मध्ये कॅनडाला ती मासेमारी बंद करावी लागली, हजारो लोकांचा रोजगार एका फटक्यात गेला. ते काय कुणी घरी जास्त कॉड शिजवला म्हणून झालं? साठ्याचा अंदाज फुगलेला होता आणि कोटा वर्षानुवर्षं चढा ठेवला गेला. उलट उदाहरणही आहे. अटलांटिकमधला ब्लूफिन ट्युना सावरला तो कोटा कापला आणि देखरेख कडक केली म्हणून. 2021 मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. दमलेल्या माणसाने संध्याकाळी मासे घेताना जाळ्यांचा अभ्यास करावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

शिंपला:
कोटा हवाच, त्यावर वाद नाही. पण कोटा कापायची हिंमत सरकारला कधी येते? मागणी जोरात असताना प्रत्येक टन वाचवायला भांडावं लागतं. कोळंबीचं बघा. तळ खरवडणाऱ्या जाळ्यात पुष्कळदा कोळंबीपेक्षा इतर जीवच जास्त वजनाचे येतात आणि मेलेले परत फेकले जातात. ती कोळंबी रोज लागते ती आपल्यालाच ना?

काटेकोर:
दोघांनाही थोडं थांबवते. "लहान मासा म्हणजे चांगला" हे इतकं सरळ नाही. ईशान्य अटलांटिकमधल्या बांगड्याचं एमएससी प्रमाणपत्र, म्हणजे टिकाऊ मासेमारीचा निळा शिक्का, 2019 मध्ये निलंबित झालं. बांगडा लवकर वाढतो, तरीही. आसपासच्या देशांचं वाटणीवर एकमत होईना आणि सगळ्यांची पकड मिळून शास्त्रज्ञांच्या सल्ल्याच्या वर गेली. म्हणजे प्रजातीचं नाव पुरत नाही, कुठल्या पाण्यातला आणि कशाने धरलेला हेही लागतं. आणि त्या निळ्या शिक्क्याचा खर्च छोट्या होडीवाल्याला झेपत नाही. गळाने एकेक मासा काढणारा शिक्क्याविना राहतो, मोठा ताफा शिक्का मिरवतो. हे मला खरंच खुपतं.

चुलीपाशी:
धोरणावर तुम्ही बोला, मी तव्याचं सांगते, कारण शिंपला म्हणतात ती धास्ती खरी आहे. तारली तव्याला चिकटते ती बहुतेक वेळा ओली असते म्हणून. साफ करून मीठ लावा, दहा मिनिटांनी सुटलेलं पाणी कपड्याने अगदी कोरडं टिपा. तवा चांगला तापल्यावर तेल, मग मासा, आणि मग हात लावू नका. कातडी खरपूस झाली की मासा आपणहून सुटतो. त्याआधी उलथनं घातलं की फाटलाच. अख्ख्या माशाचं डोकं आणि काटे टाकू नका, पाण्यात उकळून त्यांचं सार काढा. कल्ले मात्र काढा, नाहीतर पाणी कडवट होतं. वीस-पंचवीस मिनिटं मंद आचेवर, बस.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. तारली, बांगडा, ट्युना हे मासे थंड ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. त्यामुळे "ताजा" म्हणून तासन्‌तास उघड्यावर पडलेल्या माशापेक्षा बोटीवरच गोठवलेला मासा मी डोळे मिटून घेईन. रात्री फ्रिजमध्ये सुटायला ठेवा, हवाबंद पाकिटातला असेल तर पाकीट आधी उघडा.

निवांत:
मासेच कमी खा की. पाळलेला सालमन हाही उपाय नाही, त्याच्या खाद्यात समुद्रातल्याच लहान माशांची पूड आणि तेल जातं.

भरती_ओहोटी:
चुलीपाशी, तव्याची युक्ती नक्की वापरणार. पण मुद्दा सोडत नाही. युरोपीय संघात 2014 च्या अखेरीपासून ताज्या आणि गोठवलेल्या माशांवर प्रजात, पकडीचं क्षेत्र आणि जाळ्याचा प्रकार सांगणं विक्रेत्याला सक्तीचं आहे. काटेकोर म्हणतात ती सगळी माहिती कायद्याने समोर येते, गिऱ्हाइकाला उलटतपासणी करावी लागत नाही. लढायचं तर यासाठी लढा.

शिंपला:
लढूच. पण तोच नियम डबाबंद ट्युनाला अजून लागू नाही. डब्यावर डॉल्फिन सुरक्षित असल्याचं सांगणारं चित्र असतं, आणि मासे गोळा व्हावेत म्हणून सोडलेल्या तरंगत्या साधनांभोवती जाळं टाकून ट्युनाची पिल्लं आणि शार्क किती उचलले याबद्दल त्यावर अवाक्षर नसतं. तोवर गळाने धरलेल्याचा डबा शोधून घेणं एवढंच माझ्या हातात आहे, आणि ते मी करणार.