टँकरचं बिल परत समानच?

बी-४०२ : सेक्रेटरी साहेब, मे महिन्याचं बिल बघितलं. टँकरचा खर्च परत ४८ फ्लॅटमध्ये समान वाटलाय. आम्ही घरात दोघंच. काही घरांत सात माणसं, दोन गाड्या. हा कुठला न्याय?

ए-१०१ : आधी पार्किंगमधला नळ बंद करा. पाइप लावून गाड्या धुतात.

बी-५०२ : काका, सात माणसं आमच्याकडेच आहेत, सरळ नाव घ्या ना. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, रोज चादरी धुवाव्या लागतात.

बी-४०२ : वहिनी, गैरसमज नको. आजींबद्दल एक शब्द नाही. गाड्यांचं बोलतोय.

सेक्रेटरी : नमस्कार. समान वाटणीचा ठराव सभेत झालाय. सह्या सगळ्यांच्या आहेत.

सी-२०३ : ठराव असेल, पण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) पाण्याचा खर्च नळांची संख्या आणि साइज बघून घ्यायचा आहे. समान असतो तो लिफ्टचा खर्च आणि सेवाशुल्क.

ए-००३ : लिफ्टचं निघालंच आहे तर, तळमजल्यावाल्यांनी का भरायचं?

सेक्रेटरी : तो विषय आज नको, प्लीज 🙏

ए-१०१ : पार्किंगमधला नळ.

सी-२०३ : मूळ दुखणं वाटणीतच आहे. मी शंभर रुपयांचं पाणी वाचवलं तर माझं बिल दोन रुपयांनी कमी होतं, बाकीचे अठ्ठ्याण्णव तुमच्यात वाटले जातात. गळका फ्लश कोण दुरुस्त करेल? माणसं वाईट नाहीत, हिशोबच तसा लावलाय. मीटर बसवा.

ए-३०१ : सर, किचन, दोन बाथरूम, ड्राय बाल्कनी. गच्चीवरून चार लाइनी वेगळ्या उतरतात. एका फ्लॅटला चार मीटर! वाचलेल्या पाण्यातून ते पैसे कधी निघणार? त्यापेक्षा टँकरचे दर महापालिकेने बांधून द्यावेत.

बी-१०४ : दर बांधले की टँकर आपल्याकडे यायचाच नाही. कांद्याचंच बघा, भाव रोखायला सरकारने डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद केली, शहरात स्वस्ताई आणि लासलगावात आमचा भाव पडला. मे २०२४ ला उठवली तीही ४० टक्के शुल्क लावून.

ए-३०१ : ग्रुपवर राजकारण नको.

बी-१०४ : घर कांद्यावर चालतं आमचं. राजकारण कसलं?

सी-३०४ : भावांनो, कांदाभजी करा, पाणी कमी लागतं 😄

बी-५०२ : मीटर लावले तर आजारी माणसाच्या घराला दंडच की.

सी-२०३ : नाही वहिनी. माणशी ठरावीक लिटर कमी दराने, आजारपण असेल तर जास्त. दर चढेल तो त्यापुढच्या पाण्याला.

ए-४०१ : आमच्या दिंडोरीकडे वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था आहेत. पाणी घनमीटरने मोजून मिळतं, पट्टी तशीच. पूर्वी रात्री पाट फोडून माणूस झोपून जायचा. आता तासभर जास्त चाललं तर शेजारचाच बांधावर येऊन उभा राहतो.

सी-२०३ : हेच! अर्थशास्त्राच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं नोबेल याच अभ्यासावर मिळालं. वापरणाऱ्यांनीच नियम केले, लक्षही त्यांनीच ठेवलं, तर सामायिक पाणी टिकतं.

बी-४०२ : नोबेल राहू दे, माझ्या बिलाचं बोला.

सेक्रेटरी : रविवारी ११ वाजता क्लब हाउसला सभा. तोपर्यंत तिन्ही विंगच्या टाकीला एकेक मीटर लावून रोजचा आकडा बोर्डावर लिहू. खर्च सोसायटीचा.

ए-००३ : म्हणजे परत समान 🙂

ए-१०१ : आणि पार्किंगमधला नळ?

सेक्रेटरी : त्याला आज संध्याकाळी कुलूप लागेल.