मदत हवी आहे: बदली शिक्षक पाहिजे, वडगाव (बेळगाव), तातडीने

खडूफळा
नमस्कार. ८ डिसेंबर ते ३१ जानेवारी माझ्या ट्यूशनला बदली सर किंवा मॅडम पाहिजेत. अनुभव असलेले. संध्याकाळी यायला जमलं पाहिजे. मुलं चांगली आहेत, दंगा नाही. पंधरा दिवस ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं. सगळे "बघतो की" म्हणतात आणि बघत कोणीच नाही. सल्ले नकोत, कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टिळकवाडीकर
विषय?

अनगोळचा_भाचा
कितवी, बोर्ड कुठलं, काहीच नाही. माझी वहिनी गणित छान घेते. विचारू?

खडूफळा
इंग्रजी हो. सतरा वर्षं इंग्रजीच घेतेय, लिहायचं राहिलं. दहावी. वहिनींना त्रास नको.

निवृत्त_मास्तर
दहावी म्हणजे कर्नाटक बोर्डाची एसएसएलसी की सीबीएसई? एसएसएलसी असेल तर इंग्रजी प्रथम भाषा की द्वितीय? हे आधी लिहा, नाहीतर भलताच माणूस येऊन बसेल. मराठी आणि कन्नड माध्यमाच्या पोरांना इंग्रजी द्वितीय भाषा, १०० गुण, त्यातले ८० लेखी. इंग्रजी माध्यमाला तीच प्रथम भाषा, १२५ गुण, लेखी १००. पुस्तक वेगळं, पेपर वेगळा. मी स्वतः एकदा एका मित्राच्या क्लासला चार दिवस बदली म्हणून गेलो होतो. पहिला दिवस एक कविता मन लावून शिकवली. मुलं एकदम शांत. मला वाटलं, रंगलीत. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ही आमच्या पुस्तकात नाही."

खडूफळा
एसएसएलसी. दोन्ही आहेत. साडेपाच ते साडेसहा द्वितीय भाषेची १४ मुलं, त्यात ९ मराठी माध्यम, ५ कन्नड. साडेसहा ते साडेसात प्रथम भाषेची ४. सोमवार ते शुक्रवार. नववीची बॅच मी दोन महिने बंदच ठेवणार आहे. आता झालं?

आलेपाक
एवढं शोधता कशाला, जवळच्या हायस्कूलच्या इंग्रजी सरांना विचारा. त्यांचा अभ्यासक्रम तोंडपाठ असतो.

दुसरं_गेट
शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८. वाचा.

आलेपाक
तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, आठवीपर्यंत. दहावीला कुठे लागू? आणि घेत कोण नाही सांगा बघू. आमच्या गल्लीत तीन जण घेतात.

दुसरं_गेट
तिघे घेतात म्हणून चालतं असं नाही. शिवाय केंद्राने २०२४ मध्ये कोचिंगसाठी नियम काढलेत, १६ वर्षांखालच्या मुलांना घ्यायचं नाही. म्हणजे मूळ ट्यूशनच नियमात बसते का ते बघा आधी.

निवृत्त_मास्तर
ते ५० पेक्षा जास्त मुलं असलेल्या कोचिंग सेंटरसाठी आहे, आणि मार्गदर्शक सूचना आहेत. बाईंच्या पडवीत १८ पोरं बसतात, त्यांना कशाला घाबरवता?

खडूफळा
कृपा करा. मला कुणाची नोकरी घालवायची नाही आणि वकीलही नको. दोन तास येणारा माणूस पाहिजे.

कुंदाप्रेमी
तुम्ही कुठे जाणार आहात पण? ऐन दहावीच्या वर्षात, जानेवारीत प्रिपरेटरी (सराव परीक्षा) तोंडावर असताना? पालकांना सांगितलंय का?

खडूफळा
मुलीचं बाळंतपण. पुण्यात. पालकांना ऑगस्टमध्येच सांगितलंय. तेव्हा एक मॅडम ठरल्या होत्या, त्यांना आता कारवारला नोकरी लागली.

कुंदाप्रेमी
पहिलं का? पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे. मुलीलाच बेळगावला आणा, म्हणजे ट्यूशनचाही प्रश्न सुटला. इथे डॉक्टर काय कमी आहेत?

आलेपाक
+१. आणि हवा बघा की आपली.

खडूफळा
तिचं बीपी वाढलंय, तिथल्या डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलंय. धागा शिक्षकासाठी आहे.

अनगोळचा_भाचा
आता इतकं टेन्शन घ्यायचं कारण नाही हो. २०२४ पासून एसएसएलसीच्या वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा असतात. एकीत गेलं तर दुसरी.

खडूफळा
माझ्याकडे "गेलं तर दुसरी" म्हणणारी मुलं नाहीत. होती दोन, मार्गी लावली.

शिनोळी_नाका
मी येऊ शकतो. चंदगड भागात बारा वर्षं इंग्रजी घेतो. नाक्यापासून वडगाव बाईकवर पाऊण तास. महाराष्ट्र बोर्ड आहे, पण इंग्रजी ती इंग्रजी.

निवृत्त_मास्तर
नाही, तसं नसतं. तुमच्याकडे मराठी माध्यमाला इंग्रजी तृतीय भाषा, इथे द्वितीय. आमच्या पेपरात कवितेच्या ओळी आठवून लिहायच्या असतात, मुद्द्यांवरून प्रोफाइल (व्यक्तिपरिचय), चित्रवर्णन, मुद्द्यांवरून गोष्ट. सराव नसलेला शिक्षक व्याकरणातच महिना घालवतो, आणि इथलं पोरगं पास होतं ते प्रोफाइल आणि पत्रावर.

शिनोळी_नाका
मागच्या चार वर्षांचे पेपर द्या, एका रविवारात बघून होतील. पत्र काय, प्रोफाइल काय, वाक्य नीट लिहिता आलं की सगळं येतं. माझी पद्धत साधी आहे: वर्गात इंग्रजी सोडून बोलायचं नाही. महिन्याभरात फरक.

टिळकवाडीकर
आणि डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन. हलग्याकडे सुवर्ण विधानसौधाच्या बाजूला बंदोबस्त, कुठला रस्ता कधी अडवतील सांगता येत नाही. २०२२ ला तर सीमावादात एसटीच बंद झाली होती. त्या काळात नाक्यापलीकडून रोज येणार?

शिनोळी_नाका
मी बाईकने येतो म्हटलं, एसटीने नाही. आणि शिनोळीहून वडगावला यायला हलग्यावरून कशाला जाऊ?

खडूफळा
सर, राग मानू नका. कन्नड येतं का? माझी ५ मुलं कन्नड माध्यमाची आहेत. अडली की त्यांना कन्नडमधूनच सांगावं लागतं. नुसत्या इंग्रजीत बोललं की ती मान हलवतात आणि वही कोरी राहते. मी पहिल्या वर्षी हेच करून बघितलंय.

शिनोळी_नाका
कन्नड थोडं समजतं. बोलता येत नाही. बघा मग.

बीएड_दुसरंवर्ष
मी शहापुरात राहते. बी.ए. इंग्रजी, आता बी.एड. दुसऱ्या वर्षाला. घरात कन्नड, शाळा कन्नड, पण गल्ली मराठी, त्यामुळे मराठी बोलता येतं. लिहिताना चुका होतात, सांभाळून घ्या. इंटर्नशिप हायस्कूलमध्येच चालू आहे, द्वितीय भाषा आठवी-नववीला शिकवते. साडेपाचला पोहोचू शकते. पैसे किती ते लिहिलेलं नाही.

दुसरं_गेट
शेवटी कोणीतरी विचारलं.

खडूफळा
मुलाला महिन्याला ६०० घेते. त्यातली निम्मी तुमची.

दुसरं_गेट
हिशोब करून देतो. १८ मुलं, महिन्याला १०,८००. दोन महिन्यांचे २१,६००, निम्मे १०,८००. आठ आठवडे, आठवड्याला दहा तास, म्हणजे ८० तास. तासाला १३५ रुपये. त्यात दोन वेगळी पुस्तकं, दोन माध्यमं आणि तपासायच्या वह्या. दोन महिने शिकवायचं पूर्ण एकीने आणि निम्मे पैसे दुसरीला, हे मला पटत नाही.

खडूफळा
जागा माझी, वीज माझी, मुलं सतरा वर्षांच्या नावावर आलेली. हे कोणी धरलं नाही हिशोबात.

निवृत्त_मास्तर
धरलं पाहिजे. पण निम्मे जास्तच होतात बाई. माझ्या वेळी जागेचे आणि नावाचे मिळून चौथाई ठेवायची पद्धत होती. बाकी शिकवणाऱ्याला.

आलेपाक
मी तर म्हणतो मुलांना यूट्यूब लावून द्या. फुकट.

बीएड_दुसरंवर्ष
पैशाचं भेटून बोलू. मला एक विचारायचं होतं. मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीत वस्तूला "ही", "शी" लावतात का? इंटर्नशिपला दोन्ही माध्यमं बघायला मिळाली. कन्नड माध्यमाची मुलं टेबलाला, बसला न शिकवता "इट" म्हणतात, कारण कन्नडमध्ये माणूस सोडून बहुतेक सगळं "अदु". मराठी मुलगी खुर्चीला "शी" लिहिते आणि दोनदा सांगूनही लिहिते. तिच्या डोक्यात "ती खुर्ची" असते ना. मी त्यांना निर्जीव वस्तूंची वेगळी यादी करायला लावते. वाक्यातलं "अ" आणि "द" (आर्टिकल) मात्र दोघांचंही गळतं.

खडूफळा
माझ्या ९ पैकी ७ जणांचं हेच आहे! मी आतापर्यंत "पाठ करा" म्हणत आले. कन्नडच्या मुलांकडे असं बघितलंच नव्हतं.

निवृत्त_मास्तर
यादीबिदी ठीक आहे, पण खरा उपाय श्रुतलेखन. रोज दहा ओळी. इंग्रजीचा पाया तिथेच आहे. मी तीस वर्षं...

शिनोळी_नाका
श्रुतलेखनाने स्पेलिंग सुधारतं, वाक्य नाही.

निवृत्त_मास्तर
वाक्य कानातूनच येतं साहेब.

टिळकवाडीकर
यावर वेगळा धागा काढा दोघांनी. खडूफळा, तुम्ही जाण्याआधी पोरीला काय देणार ते सांगा. कुठवर झालंय, कोण कुठे अडतं?

खडूफळा
द्वितीयचे गद्य पाठ सगळे झालेत, दोन कविता राहिल्यात. प्रथमचं पूरक वाचन राहिलंय. प्रत्येक मुलाची वेगळी वही आहे माझ्याकडे, त्यात त्याची नेहमीची चूक लाल शाईने लिहिलेली. नवीन फारसं शिकवायचं नाही, आठवड्याला एक पेपर सोडवून घ्यायचा आणि तपासून त्याच दिवशी परत द्यायचा. उद्यावर गेलं की मुलं बघत नाहीत. बीएड_दुसरंवर्ष, प्रथमची चार मुलं जरा प्रश्न विचारणारी आहेत. चालेल ना?

बीएड_दुसरंवर्ष
चालेल. नाही आलं तर उद्या सांगते म्हणेन. इंटर्नशिपला ते शिकले.

अनगोळचा_भाचा
अवांतर: पीयूसी पहिल्या वर्षाचं (अकरावीचं) इंग्रजी कोणी घेतं का अनगोळ भागात? भाच्याला पाहिजे. म्हणजे माझ्या. आयडीवर जाऊ नका.

खडूफळा
रविवारी सकाळी दहाला या, मुलांनाही बोलावते. एक तास तुम्ही घ्या, मी मागे बसते. पत्ता व्यनि केलाय. पैशाचं: निवृत्त मास्तरांचा हिशोब मान्य, तीन हिस्से तुमचे. महिना झाला की लगेच, फी गोळा व्हायची वाट बघायची नाही. नववीच्या पालकांपैकी कोणी इथे असेल तर सांगते, फेब्रुवारीत जादा तास घेईन.

दुसरं_गेट
१६,२००. तासाला २०२ रुपये ५० पैसे. आता ठीक.

कुंदाप्रेमी
रविवारचं काय झालं ते कळवा. आणि पुण्याला जाताना डिंक, खारीक इथूनच घेऊन जा, तिथे भाव बघून चक्कर येईल.

खडूफळा
झाला तास. ती कन्नडमधून इंग्रजी समजावत असताना माझी मराठी मुलं ऐकत होती, आणि "अदु" म्हणजे "इट" हे त्यांनीच पकडलं. ती मुलं शाळेत कन्नड शिकतात आणि हे मला सुचलं नव्हतं. सोमवारपासून ती येतेय, पहिला आठवडा मी इथेच आहे. खारीक घेतली, डिंक राहिला.